छिंग काळातला चीन: रेल्वे, परकी कर्जं आणि प्रांतांची भांडणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चीनची दोन हजार वर्षांची बादशाही (शेवटी ती छिंग घराण्याकडे होती) १९११-१२ मध्ये संपली आणि तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठं भांडण एका रेल्वे कंपनीच्या हिशेबावरून पेटलेलं होतं, असं सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "रेल्वे कंपनीच्या?" हो, रेल्वे कंपनीच्याच. त्यानंतर जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. चिनी नावांचे उच्चार देवनागरीत आणताना थोडं इकडेतिकडे होतंच, तेवढं सांभाळून घ्या.

आधी एका ओळीत सांगा: भांडण कशाचं होतं?

सिचुआन, हुबेई, हुनान, ग्वांगदोंग या प्रांतांतल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने रेल्वे बांधायला कंपन्या काढल्या होत्या. मे १९११ मध्ये बीजिंगच्या सरकारने ते मार्ग ताब्यात घेतले, लगोलग चार परकी बँकगटांकडून त्याच मार्गांसाठी कर्ज काढलं आणि सिचुआनच्या भागधारकांना "तुमचे बुडालेले पैसे आम्ही देणार नाही" असं सांगितलं. एक ओळ म्हटलं होतं, तीन झाल्या. यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं की त्यातला हिशेब गळतो, आणि भांडण सगळं हिशेबाचंच होतं.

चिनी लोकांना मुळात रेल्वेच नको होती, हे खरं का?

अर्धवट खरं. शांघायहून वूसोंगपर्यंतचा पहिला छोटा मार्ग जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीने १८७६ मध्ये टाकला. (आपल्या सर जमशेटजी जीजीभॉयांनी मुंबईतून अफूचा व्यापार केला तो याच पेढीशी.) रीतसर परवानगी रेल्वेची नव्हती. रस्ता करतो म्हणून जमीन घेतली आणि त्यावर रूळ घातले. सरकारने २ लाख ८५ हजार टेल मोजून तो मार्ग विकत घेतला आणि १८७७ मध्ये उखडून टाकला. हा किस्सा "बघा, किती मागासलेले लोक" म्हणून सांगायची पद्धत आहे. पण परक्या पेढीने थाप मारून आपल्या जमिनीवर रूळ टाकले, तर कुठलं सरकार आरती ओवाळेल?

पूर्वजांची थडगी, जमिनीतलं शुभ-अशुभ, गाडीवान आणि नावाड्यांचं पोट, या हरकती होत्याच. पण १८८१ मध्ये दरबारातले बडे अधिकारी ली होंगझांग यांच्या आशीर्वादाने काइपिंगच्या कोळसा खाणींसाठी तांगशानजवळ सुमारे दहा किलोमीटरची लाइन सुरू झाली आणि ती टिकली. फक्त वेग फार कमी. १८९४ पर्यंत सगळ्या चीनमध्ये मिळून चारशे-साडेचारशे किलोमीटर. त्याच सुमारास हिंदुस्थानात तीस हजारांच्या घरात रूळ होते.

१९०५ नंतरचं चित्र तर पार उलटं आहे. तेव्हा भांडण "रेल्वे नको" असं नव्हतं. "रेल्वे आमची, ती आम्हीच बांधणार" असं होतं.

टेल म्हणजे किती?

चांदीचं वजन. प्रांताप्रांतात थोडाफार फरक, पण साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांच्या किंचित वर.

सरकारला परक्यांकडे कर्ज मागायची वेळ का आली?

खजिन्यात खडखडाट होता म्हणून. १८९४-९५ च्या युद्धात जपानकडून हार झाली. शिमोनोसेकीच्या तहात २० कोटी टेल दंड बसला, वर लियाओदोंग द्वीपकल्प परत मिळवायचे ३ कोटी. दरबाराच्या वर्षभराच्या महसुलाच्या दुपटीहून ही रक्कम जास्त होती. ती फेडायला कर्ज, त्या कर्जाला जकातीचं तारण. मग १९०० चा परक्यांविरुद्धचा बॉक्सर उठाव आणि १९०१ चा तह: ४५ कोटी टेल, ३९ वर्षांच्या हप्त्यांत, ४ टक्के व्याजाने. अशा घरात नवी रेल्वे बांधायला रोकड कुठून येणार?

गंमत अशी की रेल्वे हवी हे पटलं तेही त्याच पराभवानंतर. सैन्य वेळेत पोचलं नाही, ही खंत होती. म्हणजे गरज आणि कंगाली एकाच दिवशी दारात आली. १८९६ मध्ये रेल्वेचा कारभार शेंग शुआनहुआय यांच्याकडे गेला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा येणार आहे.

परक्यांची रेल्वे आणि परकी कर्जाची रेल्वे यात फरक काय?

पुष्कळ, आणि तो गोंधळ फार जण करतात. मांचुरियातली चिनी पूर्व रेल्वे रशियाने १८९६ च्या करारानंतर स्वतः बांधली, रुंदीसुद्धा रशियन मापाची. तिचा दक्षिणेकडचा भाग १९०५ नंतर जपानकडे गेला. शांदोंगमधली चिंगदाओ ते जीनान लाइन जर्मनांची, १९०४ ला पूर्ण. व्हिएतनामच्या हायफाँगपासून कुनमिंगपर्यंतची मीटर गेज लाइन फ्रेंचांची, १९१० ला पूर्ण. या मार्गांवर चीनचा हुकूम चालत नव्हता. शांदोंगच्या गाओमी भागात भरावामुळे पाण्याचा निचरा अडला, शेतं बुडायची धास्ती पडली आणि गावकऱ्यांनी १८९९-१९०० मध्ये सर्वेक्षणाच्या खुणा उपटल्या. जर्मन सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

कर्जाच्या रेल्वेत मालक कागदावर चीनच. पण कागदावरचा मालक आणि घरातला मालक यात किती अंतर असतं, हे पुढच्या प्रश्नात.

कर्जाच्या अटी कशा असायच्या? आकड्यांत सांगाल का?

बीजिंग ते हानकौ (हुबेईतलं शहर) या मोठ्या मार्गाचं बेल्जियन कर्ज घेऊ, १८९८ चं. रक्कम ४५ लाख पौंड, व्याज ५ टक्के. बेल्जियमच का? देश छोटा, त्याला चीनचा लचका तोडायची ताकद नाही, असा हिशेब. पण बेल्जियनांच्या मागे पैसा मुख्यतः फ्रेंचांचा होता आणि रशियाची सावली होती.

आता व्यवहार बघा. रोखे ९० ने घेतलेले. म्हणजे १०० पौंडांच्या रोख्यामागे चीनच्या हातात ९०, पण व्याज १०० वर आणि परतफेडही १०० ची. ४५ लाखांचं कर्ज घेतलं, मिळाले ४० लाख ५० हजार. पाच टक्के म्हणता म्हणता खरा दर साडेपाचच्या वर गेला. कर्ज फिटेपर्यंत गाड्या चालवायचा अधिकार बेल्जियन कंपनीकडे आणि निव्वळ नफ्यात तिचा २० टक्के वाटा. इतर करारांत सामान परदेशातून मागवायचं तर त्यावर दस्तुरी, मुख्य इंजिनिअर परका, हिशेबनीस परका, असले प्रकार असत. सावकाराने वही आपल्याच काखेत ठेवायची, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

मात्र अटी सगळीकडे सारख्या नव्हत्या. तियानजिन ते पुकौ मार्गाचं १९०८ चं ५० लाख पौंडांचं ब्रिटिश-जर्मन कर्ज बरंच सैल होतं: बांधकाम आणि कारभार चिनी सरकारच्या हाती. पुढच्या वाटाघाटींत चिनी अधिकारी त्याकडे बोट दाखवायचे. बीजिंग-हानकौ मार्गही चीनने सोडवून घेतला, १ जानेवारी १९०९ पासून. त्यासाठी ब्रिटिश आणि फ्रेंच बँकांकडून ५० लाख पौंडांचं वेगळं कर्ज काढलं, हे ओघाने आलंच.

प्रांतांना कर्जाची एवढी चीड का आली? ठिणगी कुठली?

अमेरिकन कंपनीचं प्रकरण. हानकौपासून ग्वांगदोंगची राजधानी कँटनपर्यंतच्या मार्गाचा करार १८९८ मध्ये अमेरिकन चायना डेव्हलपमेंट कंपनीशी झाला. हक्क दुसऱ्या देशाच्या लोकांकडे जाऊ द्यायचे नाहीत, अशी अट नंतरच्या करारात घातली होती. तरी बेल्जियनांनी गुपचूप शेअर घेत कंपनीत बहुमत मिळवलं. म्हणजे उत्तरेचा मार्ग बेल्जियनांकडे आणि आता दक्षिणेचाही. चीनला उभा चिरणारी अख्खी रेघ एका मुठीत. इतकी वर्षं जाऊन बांधून काय झालं होतं, तर कँटनजवळचा एक छोटा फाटा.

हुबेई-हुनानचे गव्हर्नर जनरल झांग झीदोंग आणि मार्गावरच्या तिन्ही प्रांतांतले (हुबेई, हुनान, ग्वांगदोंग) प्रतिष्ठित लोक पेटून उठले. जे. पी. मॉर्गन यांनी शेअर परत अमेरिकनांकडे खेचले, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीही करार मोडू नये म्हणून जोर लावला, पण १९०५ मध्ये कंपनीने ६७ लाख ५० हजार डॉलर घेऊन हक्क सोडला. छोट्याशा फाट्याची एवढी किंमत! आणि ते पैसे उभे करायला झांग यांनी हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारकडून ११ लाख पौंड उचलले. तारण काय, तर अफूवरचा कर.

तरीही लोकांना हा विजयच वाटला. परक्याचा करार मोडता येतो, हे दिसलं. त्यानंतर प्रांतोप्रांती रेल्वे कंपन्या निघाल्या.

त्या कंपन्यांना पैसे कुठून मिळाले? शेअरबाजार होता का?

आज आपण ज्याला शेअरबाजार म्हणतो तसा आधार नव्हता. व्यापाऱ्यांनी घेतलेले शेअर थोडे. ग्वांगदोंगला परदेशात राहणाऱ्या चिनी लोकांचा मोठा हात मिळाला. सिचुआन मात्र आतल्या बाजूचा, डोंगरांनी वेढलेला, शेतीवर जगणारा प्रांत. तिथली कंपनी जानेवारी १९०४ मध्ये गव्हर्नर जनरल शीलियांग यांनी सरकारी म्हणून काढली, १९०७ मध्ये ती व्यापारी कंपनी झाली.

पैशाची युक्ती अशी: ज्याला वर्षाला १० दान किंवा त्याहून जास्त धान्याचा खंड मिळतो, त्याने त्याच्या ३ टक्के रेल्वेला द्यायचा. (दान हे धान्याचं माप, आपल्याकडे पायली-मण असायचं तसं.) सरकारी साऱ्याबरोबरच ही वसुली व्हायची, भाव लावून पैशात. याला म्हणायचे खंड-शेअर. एक शेअर ५० टेलचा. आता डोळ्यांसमोर आणा: १० दानवाला मालक, त्याच्या वाट्याला वर्षाला एका दानाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी धान्य. पावती मिळते, ती पेटीत जाते. पुढच्या वर्षी आणखी एक. पन्नास टेल भरायला त्याचं आयुष्य पुरणार नाही. जमीनमालकांनी हा बोजा बऱ्याच ठिकाणी कुळांवर ढकलला तो वेगळाच.

थोडक्यात, नाव शेअरचं आणि वसुली कराची. १९११ पर्यंत कंपनीकडे १ कोटी ६० लाखांहून जास्त टेल जमले, त्यातले निम्म्याहून अधिक या खंडातून. पण याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नाही. इतर प्रांतांत रेल्वेचे भागधारक म्हणजे शहरातले काही पैसेवाले. सिचुआनमध्ये खेड्याखेड्यात, घराघरात पावती होती.

मग रेल्वे बांधली का त्यांनी?

सिचुआनच्या कंपनीने? जवळजवळ नाही. १९०९ च्या अखेरीस यीचांगहून काम सुरू झालं, तेही हुबेई प्रांतात, सिचुआनच्या हद्दीबाहेर. मुख्य इंजिनिअर झान तियानयौ यांच्यासारखा नावाजलेला माणूस. पण यांगत्सेच्या दऱ्या म्हणजे डोंगर पोखरत जायचं काम, आणि दोन वर्षांत काही किलोमीटरच झाले.

त्यात कंपनीच्या पैशाला पाय फुटले. शांघायमधले पैसे ज्यांच्या ताब्यात होते त्या शी दियानझांग यांनी ते देशी पेढ्यांत ठेवले. १९१० मध्ये शांघायला रबराचं वेड लागलं होतं: मलायातल्या मळ्यांचे शेअर, ज्यात झाड लावलंय की नाही हेही कुणी बघत नव्हतं. त्या उन्हाळ्यात फुगा फुटला, पेढ्या बसल्या आणि सिचुआनचे सुमारे ३० लाख टेल गेले. भातशेतीतून तीन-तीन टक्के गोळा केलेला पैसा रबराच्या सट्ट्यात बुडाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा खरा गाभा इथेच आहे, आणि बहुतेक वर्णनांत तो एका वाक्यात उरकलेला असतो.

सगळ्याच प्रांतीय कंपन्या नालायक होत्या असं मात्र समजू नका. झेजियांग आणि जिआंगसूच्या कंपन्यांनी शांघाय-हांगझौ मार्ग १९०९ मध्ये पुरा करून दाखवला.

झेजियांगमध्येही आंदोलन झालं होतं ना?

हो, १९०७ मध्ये. १८९८ च्या एका जुन्या प्राथमिक कराराच्या जोरावर ब्रिटिश अँड चायनीज कॉर्पोरेशन कर्ज गळ्यात मारायला बघत होती. लोक म्हणाले, आम्हाला तुमचे पैसे नकोत, आमच्याकडे आहेत. सभा झाल्या, विद्यार्थी आणि हमालांनीही शेअर घेतले. कंपनीचे प्रमुख तांग शौचियान जाडंभरडं कापड आणि गवताच्या चपला घालून कामावर फिरायचे. सरकारने १९०८ मध्ये १५ लाख पौंडांचं कर्ज घेतलंच, पण ते मंत्रालयामार्फत कंपन्यांना द्यायचं अशी तडजोड काढली. १९१० मध्ये तांग यांनी शेंग शुआनहुआय यांच्यावर उघड टीका केली आणि त्यांना पदावरून काढलं गेलं.

परक्या पैशाशिवाय एकही मोठी रेल्वे झाली नाही का?

झाली. बीजिंग ते झांगज्याकौ, सुमारे २०० किलोमीटर, १९०५ ते १९०९. इंजिनिअर झान तियानयौ, येल विद्यापीठातून १८८१ मध्ये शिकून आलेले. पैसा उत्तरेच्या सरकारी रेल्वेच्या नफ्यातून. चिंगलोंगचिआओला चढ इतका उभा होता की गाडी पुढे-मागे करत नागमोडी चढवावी लागते. आपल्या खंडाळ्याच्या घाटात पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्याच जातीची युक्ती. हा मार्ग झाल्यावर "परक्यांशिवाय जमणार नाही" हे म्हणणं कुणाच्या गळी उतरेना.

१९११ चं राष्ट्रीयीकरण ही चूक होती का? सरकारने रेल्वे चालवणं वाईट कसं?

धोरण म्हणून पाहिलं तर मला ते बरोबरच वाटतं. एक मुख्य मार्ग चार कंपन्यांनी चार तऱ्हांनी बांधायचा, त्यातल्या एकीने पैसे बुडवलेले, दुसरीत गटबाजी, आणि शेतकऱ्याकडून वसुली चालूच. शेंग तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुख्य मार्ग सरकारचे, फाटे खासगी, आणि खंडाची वसुली बंद, हे त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं.

पण हुकूम कधी निघाला ते बघा. ८ मे १९११ ला नवं मंत्रिमंडळ जाहीर झालं, १३ पैकी ९ मांचू (छिंग घराणं ज्या जमातीचं ती), त्यातही राजघराण्याचे लोक जास्त. लोकांनी त्याला "राजघराण्याचं मंत्रिमंडळ" असंच नाव ठेवलं. दुसऱ्याच दिवशी, ९ मेला, राष्ट्रीयीकरण. २० मेला परक्यांशी कर्जाचा करार. तेरा दिवसांत तीन घाव. प्रांतिक सभा नुकत्याच स्थापन झाल्या होत्या, त्यांना विचारायची तसदीही कुणी घेतली नाही.

आणि मग भरपाई. हुबेई-हुनानच्या व्यापारी शेअरना पूर्ण दर्शनी किंमत. ग्वांगदोंगला ६० टक्के रोख, उरलेल्या ४० टक्क्यांचे बिनव्याजी रोखे. सिचुआनला? बांधकामावर खरोखर लागले तेवढ्याचे आणि शिल्लक रकमेचे सरकारी रोखे, रोख काही नाही, आणि शांघायमध्ये बुडालेल्या ३० लाखांबद्दल तर नावच नको. शेंग यांचा युक्तिवाद असा की तुमच्या माणसांनी सट्ट्यात घालवलेले पैसे इतर प्रांतांच्या करदात्यांनी का भरायचे?

तर्क म्हणून हे बिनतोड आहे. पण ज्याच्या पेटीत पावती आहे त्याने सट्टा खेळला नव्हता. त्याच्याकडून साऱ्याबरोबर सक्तीने वसूल केलं होतं, सरकारी माणसानेच.

ते चार बँकगट कोणते? अमेरिका कशी घुसली?

हाँगकाँग अँड शांघाय बँक, जर्मनांची डॉइचे-आशियातिशे बँक, फ्रेंचांची बँक द लाँदोशीन आणि मॉर्गनच्या पुढारपणाखालचा अमेरिकन गट. पहिल्या तिघांशी झांग झीदोंग यांचं १९०९ मध्येच ५५ लाख पौंडांवर जमलं होतं. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांनी थेट चीनच्या राजप्रतिनिधीला तार केली: आम्हालाही वाटा हवा. एखाद्या देशाला कर्ज द्यायला मिळावं म्हणून दुसऱ्या देशाच्या प्रमुखाने विनवावं, यावरून या धंद्यात काय मलई होती ते कळतं. झांग त्याच वर्षी वारले, घोंगडं दोन वर्षं भिजत पडलं.

शेवटी ६० लाख पौंड, ५ टक्के, मुदत ४० वर्षं. रोखे ९५ ने, म्हणजे हातात ५७ लाख. १८९८ च्या मानाने सुधारणा. तारण हुबेई-हुनानची नाक्यांवरची जकात आणि मीठ कर. मार्गाचे तुकडेही वाटून घेतलेले: एका भागात ब्रिटिश मुख्य इंजिनिअर, दुसऱ्यात जर्मन, यीचांगच्या पश्चिमेला अमेरिकन. सिचुआनच्या माणसाने हा नकाशा बघितला तर त्याला "रेल्वे सरकारची झाली" असं वाटणं शक्य नव्हतं. त्याला दिसत होतं, आमची रेल्वे काढून घेतली आणि परक्यांना विकली.

सिचुआनच्या राजधानीत, चेंगदूत, त्या उन्हाळ्यात नेमकं काय घडलं?

१७ जूनला रेल्वे संरक्षण संघ स्थापन झाला. पुढारी पू दियानजुन आणि लुओ लुन, दोघेही प्रांतिक सभेतले. सभेत बोलणारे रडले, ऐकणारे रडले. घोषणा होती "करार मोडा, रेल्वे वाचवा". बादशहा हटवा असं कुणी म्हणत नव्हतं. ही माणसं क्रांतिकारक नव्हती, सरकारदरबारी मान असलेली, कायद्याच्या भाषेत बोलणारी माणसं होती. काम बघणारे गव्हर्नर जनरल वांग रेनवेन यांनीसुद्धा लोकांची बाजू बीजिंगला कळवली. त्यांच्या जागी झाओ अरफंग आले.

ऑगस्टमध्ये कळलं की यीचांगचा कंपनीचा व्यवस्थापक आतून सरकारला मिळाला आहे आणि उरलेला पैसाही हातचा जाणार. २४ ऑगस्टला चेंगदू बंद झालं: दुकानं, शाळा, बाजार.

या बंदातली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे पाट्या. दिवंगत बादशहा ग्वांगशू यांच्या नावाची पाटी दारोदार लागली. रस्त्यांच्या मधोमध मांडव घालून त्यात तीच पाटी, समोर उदबत्त्या. दोन्ही बाजूंना ग्वांगशूच्याच फर्मानांतल्या ओळी: राज्यकारभार लोकमतापुढे खुला असावा, रेल्वे व्यापाऱ्यांनी चालवायला मुभा आहे. बादशहाच्या नावापुढून अधिकाऱ्याने पालखीत बसून जाणं म्हणजे बेअदबी. उतरावं लागायचं. पाटी काढायला सांगावं तर राजद्रोह कुणाचा? शहरभर अधिकारी पालखीतून उतरतायत, चालतायत, पुन्हा चढतायत. आपल्याच राजाच्या नावाने त्याच्याच अंमलदारांना पायी चालवलं.

१ सप्टेंबरला भागधारकांनी ठरवलं, सारा भरायचा नाही. ७ सप्टेंबरला झाओ यांनी पू, लुओ आणि इतर पुढाऱ्यांना बोलावून अटक केली. लोक उदबत्त्या आणि ग्वांगशूच्या पाट्या हातात घेऊन वाड्यावर गेले, सोडा म्हणून विनवायला. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तीसहून जास्त मेले, त्यात शिंपी, विणकर अशी हातावर पोट असलेली माणसं.

"पाण्यावरची तार" म्हणजे काय?

गोळीबारानंतर शहराचे दरवाजे बंद, तारा बंद, टपाल बंद. तेव्हा काही जणांनी लाकडी फळ्या कापल्या, त्यावर मजकूर लिहिला की झाओने पू आणि लुओला धरलंय, आता सिचुआनवर हात टाकणार, ठिकठिकाणच्या साथींनो, उठा. पाण्याने अक्षरं जाऊ नयेत म्हणून वर तेल चढवलं आणि शेकडो फळ्या जिनजिआंग नदीत सोडल्या. नदी मिनला मिळते, मिन यांगत्सेला. खालच्या गावांत कुणी धुणं धूत असेल, कुणी होडी बांधत असेल, त्याच्या हाताला फळी लागायची. काही दिवसांत गावोगावचे लोक आणि गुप्त संघटनांचे भाऊबंद चेंगदूला वेढा घालून बसले. २५ सप्टेंबरला रोंग तालुक्याने स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, ज्या उठावाने पुढे बादशाही कोसळली त्या हुबेईतल्या वूचांगच्याही पंधरा दिवस आधी.

मग वूचांगच्या उठावाचं श्रेय रेल्वेला द्यायचं का?

सगळं नाही. सिचुआन दाबायला दुआनफांग या बड्या अधिकाऱ्याला हुबेईतलं नव्या धर्तीचं सैन्य घेऊन पाठवलं, त्यामुळे वूचांगची छावणी हलकी झाली, हे खरं. पण वूचांगच्या सैनिकांत क्रांतिकारकांचं जाळं आधीपासून होतं. ९ ऑक्टोबरला हानकौत चुकून बाँब फुटला, पोलिसांच्या हाती याद्या लागल्या आणि १० ऑक्टोबरच्या रात्री सैनिकांना उठण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. दारू भरलेली होतीच. सिचुआनमुळे पहारेकरी मात्र दुसरीकडे गेले होते.

यातल्या अधिकाऱ्यांचं पुढे काय झालं?

शेंग यांना २६ ऑक्टोबरला बडतर्फ केलं, ते जपानला निघून गेले. दुआनफांग यांना २७ नोव्हेंबरला सिचुआनमधल्या झीझौ इथे त्यांच्याच सैनिकांनी मारलं. त्याच दिवशी चेंगदूने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि काही दिवसांपूर्वीपर्यंत कैदेत असलेले पू दियानजुन सत्तेवर बसले. झाओ अरफंग यांचा २२ डिसेंबरला शिरच्छेद झाला.

कर्जाचं काय झालं? फेडलं का कुणी?

नव्या प्रजासत्ताकाने ते अंगावर घेतलं, हप्ते रडतखडत चालले आणि १९३० च्या दशकाअखेर थांबले. मुद्दल १९५१ मध्ये द्यायचं होतं. तोवर बीजिंगमध्ये कम्युनिस्ट आले होते. १९७९ मध्ये काही अमेरिकन रोखेधारकांनी अलाबामातल्या कोर्टात चीनवर दावा लावला. चीन फिरकलाच नाही, म्हणून १९८२ मध्ये ४ कोटी १० लाख डॉलरच्या वर रकमेचा एकतर्फी निकाल लागला. तेव्हा मात्र बीजिंग जागं झालं: जुन्या राजवटीने जनतेवर लादलेलं असलं कर्ज आम्ही मानत नाही. निकाल १९८४ मध्ये रद्द झाला, १९८६ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आता ते रोखे जुन्या कागदांच्या शौकिनांच्या भिंतीवर दिसतात. फार देखणे आहेत.

आपल्याकडच्या रेल्वेशी याची तुलना करता येईल?

थोडी. जीआयपीला (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) लंडनच्या भागधारकांसाठी ५ टक्क्यांची हमी होती. तूट आली की भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. चीनमध्ये रोखेधारकालाही पाच टक्केच, पण मालकी निदान नावाला चिनी सरकारची. दोन्हीकडे जोखीम करदात्याची. आपल्याकडे गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेवरचा खर्च म्हणजे विलायती उद्योगांना दिलेलं हिंदी अनुदान आहे, असं आकड्यांनिशी मांडलं आणि गोखल्यांनी कौन्सिलात त्यावर बोट ठेवलं. पण आपल्या शेतकऱ्याच्या हातात शेअरची पावती कधीच नव्हती. तो कर भरत होता, भागधारक नव्हता. सिचुआनच्या शेतकऱ्याला कराच्या बदल्यात कागद दिला गेला आणि कागद दिला की माणूस हिशेब मागतो.

ज्या रेल्वेसाठी एवढं झालं ती शेवटी झाली का?

हानकौ-कँटन मार्ग १९३६ मध्ये पुरा झाला. चेंगदू ते चोंगचिंग गाडी १ जुलै १९५२ ला सुटली. यीचांगहून पश्चिमेला वानझौपर्यंतच्या डोंगरातला मार्ग, जिथे १९०९ मध्ये पहिली कुदळ पडली होती, तो डिसेंबर २०१० मध्ये खुला झाला.

चेंगदूच्या पीपल्स पार्कमध्ये १९११ च्या मृतांचं स्मारक आहे, सुमारे ३२ मीटर उंच, १९१३ मध्ये उभारलेलं. चारही बाजूंना तेच शब्द, चार वेगळ्या हस्ताक्षरांत. चौथऱ्यावर रूळ, सिग्नल आणि इंजिन कोरलेलं आहे. ते कोरलं तेव्हा शहरात खरे रूळ यायला आणखी एकोणचाळीस वर्षं होती.